५२ हजारांची नेव्हरफुल: खरी की फर्स्ट कॉपी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या एका ताईंनी इन्स्टाग्रामवरच्या विक्रेत्याकडून लुई व्हिटॉन या फ्रेंच ब्रँडची वापरलेली नेव्हरफुल बॅग ५२ हजारांना घेतली. मोनोग्राम कॅनव्हास (एलव्ही अक्षरं आणि फुलांच्या नक्षीचा), मधला आकार, आत सुटं पाऊच. सोबत खोकं, डस्टबॅग, ‘ऑथेंटिसिटी कार्ड’ आणि २०१९ सालच्या मुंबईच्या बिलाची झेरॉक्स. आतला कोड सीए १०८९, आणि ठसा ‘मेड इन फ्रान्स’. भाची म्हणते नकली आहे. विक्रेता म्हणतो, “मॅडम, हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल, कुठेही चेक करा.” तर चेक करायचं कसं, आणि नकली निघाली तर पुढे काय?

आधी निकाल सांगते. ताई, बॅग नकली आहे. मी ती हातात घेतलेली नाही, तरी सांगते, कारण तुम्ही लिहिलेल्या गोष्टीच एकमेकींशी भांडतायत.

मी मुंबईत महागड्या बॅगांची दुरुस्ती करते आणि काही सेकंडहँड विक्रेत्यांना माल विकायला काढण्याआधी तपासून देते. चामड्याचं काम शिकले धारावीत, कारखान्यात बसून. माझ्याकडे येणारी निम्मी मंडळी एकच मागणी घेऊन येतात: “अशी एक खूण सांगा की बघितली की कळलं.” अशी एक खूण नसते. जी खूण तुम्हाला यूट्यूबवर दहा मिनिटांत कळते, ती नकली माल बनवणाऱ्याला कधीच कळलेली असते, आणि पुढच्या लॉटमध्ये त्याने ती दुरुस्तही केलेली असते. म्हणून मी खुणा सुट्या सुट्या बघत नाही, त्यांचा मेळ बसतो का ते बघते. खऱ्या बॅगेचं मॉडेल, साल, कारखाना, चामडं, झीज आणि कागद हे सगळं एकाच दिवशी जन्माला आलेलं असतं किंवा एकत्र म्हातारं झालेलं असतं. नकली बॅगेत एक गोष्ट या सालची, दुसरी त्या सालची, आणि बिल तिसऱ्याच कुणाचं.

तुमच्या कोडापासून सुरुवात करू. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०२१ पर्यंत लुई व्हिटॉन बॅगेच्या आत एक कोड घालत असे. विक्रेते त्याला ‘सिरियल नंबर’ म्हणतात, पण तो सिरियल नंबर नाही. गाडीच्या चेसिस नंबरासारखा तो एकाच बॅगेचा नसतो, त्या आठवड्यात त्या कारखान्यात बनलेल्या कितीतरी बॅगांवर तोच कोड असतो. त्यामुळे “नंबर कंपनीच्या रेकॉर्डवर आहे, चेक करा” हे बोलणंच पोकळ. कोडावरून कळतं ते फक्त कुठे आणि कधी. २००७ पासूनची रीत अशी: पहिला आणि तिसरा अंक आठवड्याचा, दुसरा आणि चौथा सालाचा. १०८९ म्हणजे १ आणि ८, अठरावा आठवडा. ० आणि ९, साल २००९. एप्रिलअखेर किंवा मेची सुरुवात. १९९० ते २००६ या काळात आठवड्याच्या जागी महिना असायचा, आणि अठरावा महिना काही नसतो, म्हणजे दुसरा अर्थ निघत नाही.

आता अक्षरं. ती कारखान्याची असतात. काही अक्षरजोड्या एकापेक्षा जास्त देशांत वापरल्या गेल्यात, त्यामुळे त्यावरून लगेच निवाडा करता येत नाही. पण सीए ही स्पेनची. मग आतल्या ठशात स्पेन हवं. तुमच्या बॅगेवर फ्रान्स आहे. हे पहिलं भांडण.

दुसरं भांडण पाऊचचं. नेव्हरफुल बाजारात आली २००७ साली. सुरुवातीच्या बॅगांसोबत पाऊच येतच नसे. २०१३-१४ च्या सुमारास कंपनीने ही बॅग सुधारून काढली, अस्तराचे नवे रंग आणले आणि आत अडकवायचं सुटं पाऊच द्यायला लागली. २००९ च्या बॅगेत ते आलं कुठून? विक्रेत्याला विचारलंत तर तो म्हणेल, “आधीच्या मालकिणीने नंतर वेगळं घेतलं.” असं घडू शकतं, मी पाहिलंय. पण मग पाऊचच्या आत त्याचा स्वतःचा कोड असेल आणि तो नंतरच्या सालचा असेल. बघा. माझा अंदाज, तिथे कोड नसेल, किंवा बॅगेचाच कोड पुन्हा छापलेला असेल.

तिसरं, कार्ड. लुई व्हिटॉन बॅगेसोबत ऑथेंटिसिटी कार्ड देतच नाही. बिल देते, माहितीचं छोटं पत्रक देते. सोनेरी अक्षरांचं, प्लॅस्टिकचं, चकचकीत कार्ड निघालं की मी पुढचं काही बघतही नाही. गंमत म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास नेमका त्या कार्डावरच बसलेला असतो.

चौथं, बिल. तुम्ही जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक ०७ असल्याचं लिहिलंय आणि दुकानाचा पत्ता मुंबईचा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याची सुरुवात राज्याच्या संकेतांकाने होते. महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७. मुंबईच्या दुकानाच्या बिलावर दिल्लीचा क्रमांक यायचं कारण नाही. शिवाय बॅग २००९ ची आणि बिल २०१९ चं! नेव्हरफुलसारखा हातोहात खपणारा माल दुकानाने दहा वर्षं फळीवर ठेवला होता का?

बिल तपासणं हे बॅग तपासण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, आणि तरी ते कुणी करत नाही. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो क्रमांक टाका, लॉगिन लागत नाही. व्यापाऱ्याचं नाव, राज्य, नोंदणीची तारीख समोर येते. राज्याच्या अंकांनंतरची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन, तोही जुळतो का दिसतं. माझ्याकडे एक गिऱ्हाईक २०१४ सालचं बिल घेऊन आलं होतं, अगदी जुनाट पिवळा कागद, आणि खाली जीएसटीची रीतसर फोड. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. कागद चहात बुडवून जुना करणाऱ्याला कराचा इतिहास ठाऊक नव्हता. आणखी एक: २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या हँडबॅगवर विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा करायचा कर) घ्यायचा आहे. त्यानंतरच्या तारखेचं, पंधरा लाखांच्या बॅगेचं भारतातलं बिल कुणी दाखवलं आणि त्यावर टीसीएस नाही, पॅन नाही, तर बॅग उघडण्याआधीच प्रश्न विचारा.

ताईंच्या बॅगेचं एवढं पुरे. आता बॅग प्रत्यक्ष हातात आल्यावर मी काय बघते ते सांगते, कारण प्रत्येक विक्रेता इतका निष्काळजी नसतो.

आपल्याकडच्या बायकांना हे शिकवावं लागू नये. पैठणी घेताना आपण पदर उलटा करतोच; हातमागावरची असेल तर उलटी बाजूही सुलटीसारखी स्वच्छ, आणि नसेल तर मागे धाग्यांचं जंजाळ. बॅगेलाही तसंच करायचं. पुढचा लोगो सोडा. बॅग रिकामी करा, अस्तर बाहेर ओढा, कोपऱ्यातली शिवण बघा, पट्टा जिथे अंगाला जोडलाय त्याची आतली बाजू बघा. नकलाकाराचा खर्च सगळा दर्शनी भागावर झालेला असतो. आत तो हात आखडता घेतो.

मोनोग्राम कॅनव्हास म्हणजे चामडं नव्हे, हे बऱ्याच जणींना धक्कादायक वाटतं. सुती कापडावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला असतो. दोन लाखांची बॅग ‘रेक्झिनची’ निघाली म्हणून रडवेली झालेली एक मुलगी मला आठवते. बॅग अस्सल होती. हा मोनोग्राम १८९६ साली लुई व्हिटॉन यांच्या मुलाने, जॉर्ज यांनी आणला, तोही त्या काळच्या नकलांना कंटाळून. त्याआधीचा १८८८ चा चौकड्यांचा दामिये कॅनव्हासही त्याच कारणाने निघाला होता. म्हणजे आज जगात ज्याची सर्वात जास्त नक्कल होते ते डिझाइन मुळात नक्कल थांबवायला काढलेलं. खऱ्या कॅनव्हासला बारीक दाणा असतो, तो लवतो, दाबला की सुरकुती पडून परत सरळ होतो. नकलीतला बहुतेक वेळा ताठ आणि तेलकट चमकीचा. पण हे हाताला कळतं, फोटोत नाही.

फोटोत ज्याची हमखास गल्लत होते ते उलट्या अक्षरांचं सांगते. लुई व्हिटॉनच्या स्पीडी आणि कीपऑल या बॅगांचं अंग कॅनव्हासच्या एका अखंड तुकड्याचं असतं. तो तुकडा तळाखालून वळून दुसऱ्या बाजूला वर येतो, त्यामुळे एका बाजूची एलव्ही अक्षरं सुलटी आणि दुसऱ्या बाजूची उलटी. “अक्षरं उलटी छापलीत, नकलीच आहे” म्हणून खरी स्पीडी परत करायला निघालेले लोक मी अडवलेत. दोन्ही बाजूंना सुलटी अक्षरं असलेली मोनोग्राम स्पीडी दिसली आणि तळाशी जोड असला, तर मात्र संशय घ्या.

पट्टे आणि कडा यांचं फिकट चामडं ज्याला व्हॅचेटा म्हणतात, ते झाडपाल्याच्या अर्काने कमावलेलं असतं, वर रंग किंवा लेप नसतो. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, त्याच घराण्यातलं. असं चामडं हवा, ऊन आणि हाताच्या घामाने हळूहळू मधाच्या रंगावर जातं. आणि ते सगळीकडे सारखं जात नाही. हातात धरतो तिथे गडद, पट्ट्याच्या आतल्या बाजूला फिकट, बक्कलाखाली जवळजवळ मूळ रंगाचं. नकलीत एक तर दहा वर्षांनीही फिकट गुलाबीसर प्लॅस्टिकच राहतं, नाहीतर कारखान्यातच चहाच्या रंगाचं करून पाठवतात, बक्कलाखालीसुद्धा तेवढंच गडद. बक्कल सरकवून खालचा रंग बघायला दोन सेकंद लागतात. कृपा करून पाण्याचा थेंब टाकून बघू नका. कुणीतरी तसा व्हिडिओ केलाय आणि त्यापायी माझ्याकडे चांगल्या चांगल्या बॅगा डाग घेऊन येतात.

मुंबईच्या हवेबद्दलही सांगायला हवं. नव्वदीतल्या आणि दोन हजारच्या सुमारासच्या काही अस्सल एलव्ही बॅगांचे आतले कप्पे दमट हवेत चिकट होतात, पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवलेल्या व्हॅचेटाला बुरशी येते. बॅग चिकट झाली म्हणजे माल खोटा होता, असं नाही. उलट, २००० सालची म्हणून विकलेली बॅग आतून कालच्यासारखी कोरी असेल तर मी जास्त वेळ घेऊन बघते.

शिवणीकडे मी जवाहिऱ्याच्या भिंगातून बघते, आणि इथे माझा धारावीचा हात कामी येतो. मशीनच्या शिवणीत दोन धागे असतात, वरचा आणि खालचा, आणि ते चामड्याच्या पोटात एकमेकांना गाठतात. हाताच्या शिवणीत धागा एकच, त्याच्या दोन्ही टोकांना सुया. आरीने भोक पाडायचं, एक सुई इकडून आणि दुसरी तिकडून त्याच भोकातून काढायची, दोन्ही हातांनी ताण द्यायचा. यात एखादा टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. हर्मेस हा फ्रेंच ब्रँड आपल्या बर्किन आणि केली बॅगांवर ही जीनगराची शिवण वापरतो. टाके किंचित तिरके पडतात आणि माणसाने घातलेले असल्याने कुठेकुठे कणभर फरक असतो. बर्किन म्हणून समोर आलेल्या बॅगेचे टाके पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि सारखे असतील, तर ते मशीनचे आहेत. लोक नेमके उलटे फसतात: सगळं तंतोतंत म्हणजे भारी, असं त्यांना वाटतं.

लुई व्हिटॉनच्या बहुतेक शिवणी मात्र मशीनच्याच, त्यामुळे तिथे हा नियम लावू नका. तिथे मी डावी-उजवी बघते. हँडल जिथे अंगाला जोडलंय त्या चारही चामडी पट्ट्यांवरचे टाके मोजते. संख्या सारखी हवी, पहिला टाका कडेपासून तेवढ्याच अंतरावर हवा. चार ठिकाणी चार हिशेब म्हणजे कारागीर नगावर पैसे घेणारा होता. धाग्याचा पिवळा रंग मंद हवा, लिंबासारखा झगझगीत नको. ठशातली अक्षरंही बघा: खऱ्या ठशात इंग्रजी ‘ओ’ अगदी गोल असतो, ‘एल’ची आडवी रेघ आखूड, आणि दोन ‘टी’ एकमेकींना टेकतील इतक्या जवळ.

धातूबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. लोक लोहचुंबक घेऊन येतात. खऱ्या बॅगेला पितळ असतं, त्याला चुंबक चिकटत नाही, इथवर ठीक. पण नकलीतली स्वस्त कड्या-बक्कलं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. चाचणीच फुकट. त्यापेक्षा कडीच्या आतल्या बाजूला, जिथे रोज घर्षण होतं, तिथे मुलामा जाऊन खाली काय दिसतं ते बघा. पितळ पिवळं दिसेल, जस्त करडं. ‘वायकेके’ कंपनीची चेन (झिप) दिसली की नकली, हाही असाच गावगप्पांचा नियम. शनेलनेसुद्धा वायकेकेच्या चेनी वापरल्यात.

शनेलचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. पुढच्या कुलपावरच्या एकमेकांत अडकलेल्या दोन ‘सी’ बघा. वरच्या छेदात उजवी ‘सी’ डावीच्या वरून जाते, खालच्या छेदात डावी उजवीच्या वरून. नकलीत हे उलटं झालेलं अजूनही सापडतं. मागच्या खिशावरचे शंकरपाळ्याचे चौकोन अंगावरच्या चौकोनांशी सलग जुळायला हवेत, जणू खिसा नाहीच. आणि कुलपावर ‘सीसी’ नसली म्हणून दचकू नका. फेब्रुवारी १९५५ मध्ये आलेल्या मूळ २.५५ बॅगेला साधं आयताकृती कुलूप होतं, ‘सीसी’चं कुलूप १९८० च्या दशकात डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांच्या काळात आलं. जुन्या धाटणीच्या बॅगा आजही साध्या कुलपाच्या येतात. शनेल हँडबॅगा ऑनलाइन विकत नाही, त्यामुळे ‘शनेल ऑफिशियल सेल, ६० टक्के सूट’ अशी वेबसाइट दिसली तर तिथे तपासायला काही शिल्लक नाही. लुई व्हिटॉनचंही तसंच, ते सेल लावत नाहीत आणि त्यांचं आउटलेटही नाही. “फॅक्टरी आउटलेटमधून स्वस्तात मिळाली” हे वाक्य एलव्हीच्या बाबतीत ऐकलं की संभाषण संपवायचं.

पण हेच वाक्य कोच या अमेरिकी ब्रँडच्या बाबतीत खरं असू शकतं. न्यू जर्सीच्या मावशीने वूडबरी कॉमनच्या आउटलेटमधून कोचची पर्स आणली, आत ‘मेड इन व्हिएतनाम’ दिसलं, आणि घरात कुजबूज सुरू झाली, “मावशीने चायनीज गळ्यात मारली.” कोच आपला माल अनेक वर्षांपासून आशियात बनवून घेते, व्हिएतनाम, कंबोडिया, फिलिपिन्समध्ये. मावशीवर अन्याय करू नका. देशाच्या नावावरून निवाडा करायचा तर आधी तो ब्रँड कुठे माल बनवतो ते माहीत हवं. (आपल्या पिढीला ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद पाठ आहे, त्यामुळे लेबलावर आंधळा विश्वास नको हे आपण लहानपणीच शिकलोय.)

आता अवघड भाग. बाजारात ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘मिरर क्वालिटी’, ‘सेव्हन ए’, ‘टेन ए’ अशी जी नावं फिरतात त्यांना काही प्रमाण नाही, प्रत्येक विक्रेता आपल्या मनाने चढवतो. मुंबईच्या लिंकिंग रोडच्या फुटपाथवरची बॅग दहा पावलांवरून कळते. पण वरच्या दर्जाच्या नकला, ज्यांना आता सुपरफेक म्हणतात, त्यांच्यात चामडं चांगलं असतं, टाके बरोबर असतात, कोड आणि देशही जुळवलेले असतात. त्या माझ्यासारखीलाही फोटोवरून सांगता येत नाहीत, आणि जो फोटोवरून शंभर टक्के सांगतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. त्या हातात घ्याव्या लागतात, शक्य असेल तर त्याच सालच्या खऱ्या बॅगेशेजारी ठेवून. न्यूयॉर्कच्या एन्ट्रुपी कंपनीचं सूक्ष्मदर्शक कॅमेऱ्याचं उपकरण काही विक्रेते वापरतात, ते कॅनव्हास आणि चामड्याचे फोटो मोठे करून संगणकाकडून ताडून घेतं. चांगलं साधन आहे. पण विक्रेत्याने दाखवलेलं त्याचं प्रमाणपत्र ह्याच बॅगेचं आहे का, हे त्यावरच्या फोटोतले ओरखडे आणि डाग समोरच्या बॅगेशी ताडून बघा. एक खरं प्रमाणपत्र आणि त्यावर विकलेल्या अनेक बॅगा, हा धंदाही चालतो.

चिपचंही असंच. २०२१ पासून लुई व्हिटॉन कोडाऐवजी बॅगेच्या आत चिप घालते, शनेलनेही त्याच सुमारास क्रमांकाचं स्टिकर सोडून धातूची छोटी पट्टी आणली. म्हणून नव्या बॅगेत कोड नाही ही नकलीची खूण राहिली नाही. विक्रेते मोबाइल टेकवून ‘टिंग’ वाजवून दाखवतात. चिप आहे एवढंच त्यातून कळतं. आतली माहिती कंपनीलाच वाचता येते, आणि चार आण्याची चिप नकलाकारही घालतो.

कंपनीच्या दुकानात नेऊन विचारावं का? लुई व्हिटॉनच्या किंवा शनेलच्या दुकानात सेकंडहँड बॅग खरी आहे का ते सांगत नाहीत, तशी सेवाच नाही. काही जण दुरुस्तीला द्यायचं निमित्त करतात. नकली असेल तर काम घेत नाहीत, पण कारण लिहून देतीलच असं नाही.

म्हणून माझ्या लेखी विकत घेण्याआधीचा अर्धा तास हा नंतरच्या सगळ्या भिंगांपेक्षा मोलाचा. भाव आधी बघा. ह्या नेव्हरफुलची नवीची किंमत अमेरिकेत दोन हजार डॉलरच्या घरात आहे, आणि चांगल्या स्थितीतली वापरलेली तिथेही एवढ्या स्वस्तात सहज मिळत नाही. तीच बॅग इथे ५२ हजारांत मिळते तेव्हा विक्रेत्याकडे कारण हवं: पट्टा तुटलाय, अस्तर फाटलंय, काहीतरी. “अर्जंट पैसे हवेत” हे कारण नाही, ते भाषण आहे. बाजार माहीत असलेल्या माणसाला अर्जंट पैसे हवे असतील तर तो दुसऱ्या विक्रेत्याला एका दिवसात विकून मोकळा होतो. फोटो मागताना तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी बॅगेवर ठेवून मागा. आतला ठसा, कोड, बक्कलाखालचं चामडं, कोपरे, अस्तराची शिवण, सगळं उजेडात. जो टाळाटाळ करतो त्याचं उत्तर तिथेच मिळालं. पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने द्या, म्हणजे बँकेकडे वाद घालायला जागा राहते. यूपीआयने एकदा गेले की परत आणणं जिकिरीचं. आणि पार्सल उघडताना, सीलपासून बॅगेच्या आतल्या कोडापर्यंत, एकसंध व्हिडिओ काढा, मध्ये बंद करू नका.

कुणी विचारेल, मग मुद्दाम, माहीत असून फर्स्ट कॉपी घेतली तर? तुमच्या वापरासाठी घेतली म्हणून भारतात पोलीस दारात येत नाहीत. विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. ट्रेड मार्क कायदा, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि “आम्ही कॉपी म्हणूनच विकतो” हा बचाव नाही. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या बदनाम बाजारपेठांच्या यादीत मुंबईत हाजी अलीच्या हिरा पन्ना बाजाराचं नाव येऊन गेलंय, अधूनमधून छापेही पडतात. युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांनी मात्र जपा. इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि फ्रान्समध्ये तो जवळ बाळगणं हाच कस्टम्सचा गुन्हा आहे. पॅरिसच्या विमानतळावर वांद्र्याच्या हिल रोडची एलव्ही मिरवायची हौस महागात पडेल. माझं स्वतःचं मत विचाराल तर चांगल्या फर्स्ट कॉपीला जे दहा-बारा हजार घालवता त्यात धारावीत खऱ्या चामड्याची, बिननावाची, हवी त्या मापाची बॅग शिवून मिळते आणि ती माझ्याकडे दुरुस्तीला यायला बरीच वर्षं जातात.

परत ताईंकडे. तुमच्या हातात अजून वेळ आहे, पण फार नाही.

विक्रेत्याशी फोनवर भांडू नका, लेखी बोला. कोड स्पेनचा आणि ठसा फ्रान्सचा, पाऊच त्या सालचं नाही, कंपनी कार्ड देत नाही, बिलावरचा जीएसटी क्रमांक दिल्लीचा, एवढे चार मुद्दे लिहा आणि सात दिवसांत पूर्ण पैसे मागा. त्याची जाहिरात, ‘ओरिजिनल’ म्हटलेले मेसेज, पैसे दिल्याची पावती यांचे स्क्रीनशॉट आजच काढा, कारण प्रोफाइल रातोरात गायब होतं. तो धंदा म्हणून बॅगा विकत असेल तर तुम्ही ग्राहक आहात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये खरी म्हणून खपवलेल्या खोट्या मालाची स्वतंत्र व्याख्याच आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुढे ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. त्याने ब्लॉक केलं किंवा खातंच बंद केलं, तर तो सायबर फसवणुकीचा मामला. १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पोलिसांत अर्ज देताना बिलाची झेरॉक्स नक्की जोडा, कारण बनावट बिल हा बॅगेपेक्षा भक्कम पुरावा आहे.

आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत बॅग परत पाठवू नका. “आधी बॅग पाठवा, मग रिफंड” असं तो म्हणेलच. समोरासमोर देवाणघेवाण करा, नाहीतर बॅग तुमच्याकडेच राहू दे. वैतागून ती ओएलएक्सवर ‘ओरिजिनल एलव्ही’ म्हणून टाकायची बुद्धी मात्र होऊ देऊ नका; आता तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्या विक्रीत कलम तुमच्यावर लागेल.

पाऊचच्या आतला कोड बघितलात की कळवा. मला खरंच उत्सुकता आहे.